होडीतली कोल्हीण

मुलांनो, हिवाळ्यात जिथे तळेसुद्धा गोठते, अशा उंच डोंगरावरच्या जंगलात एक कोल्हा आणि कोल्हीण राहत. कोल्हा मोठा पट्टीचा मासेमार. देवदाराचे खोड कोरून त्याने होडी केली होती. वेलीच्या दोरीला काट्याचा गळ बांधून तो तळ्यातले ठिपकेवाले ट्राउट मासे असे काढी की बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावे. पण यंदा ऐन हिवाळ्यात बर्फाची दरड कोसळली आणि बिचारा त्यात गेला. पुढे कोल्हिणीला तीन पिल्ले झाली. त्यांनी बापाचे तोंडही पाहिले नाही. तळ्यावरचे बर्फ वितळले तेव्हा बिळात खायला कण नव्हता. आईच्याच पोटात काही नाही, तर पिल्लांना दूध कुठून मिळणार? धाकटे तर मानही वर करीना.

कोल्हिणीला पदर नसतो, नाहीतर तिने तो खोचलाच असता. जन्मात कधी होडीत बसली नव्हती, पण नवऱ्याला मासे धरताना तिने दर उन्हाळ्यात बिळाच्या तोंडाशी बसून डोळे भरून पाहिले होते. तो तळ्याच्या मधोमध जाई, सगळी दोरी खाली सोडी आणि मोठा मासा घेऊन येई. तिनेही तसेच केले. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. हात भरून आले, थंडीने दात वाजू लागले, पण गळाचे गांडूळ जसेच्या तसे वर येई.

काठाशी एक म्हातारा बगळा उभा असे. कोल्ह्याचा जुना दोस्त. त्याने हाक मारली, "अहो वहिनी, तिकडं कुठं निघालात? इकडं काठाशी या!"

कोल्हिणीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "भाऊजी, तुम्ही तुमचे चिंगळे वेचा," ती म्हणाली. "आमच्या ह्यांनी काठाशी कधी गळ टाकला नाही. मी काय आंधळी होते?"

बगळ्याने पुन्हा पाण्यात नजर लावली. नुकताच नवरा गेलेल्या बाईशी वाद कोण घालणार?

तिसऱ्या दिवशी सकाळी धाकट्याने डोळे उघडले नाहीत. छातीशी कान लावला तेव्हा कुठे त्याचा श्वास ऐकू आला. कोल्हीण धावत होडीकडे गेली, तळ्याच्या मधोमध पोचली, सगळी दोरी सोडली आणि आकाशाकडे तोंड करून हंबरडा फोडला. "अहो, कुठं चुकतंय माझं? तुमच्यासारखंच तर करतेय सगळं!"

बगळ्याला राहवेना. तो उडत आला आणि होडीच्या टोकावर बसला.

"वहिनी, हवं तर मला ढकलून द्या, पण ऐका. तो मधे जायचा ते उन्हाळ्यात. वरचं पाणी तापलं की मासा गारव्याला खाली जातो. आत्ता कुठं बर्फ वितळलंय. काठाचं पाणी आधी कोमट होतं, किडेही तिथंच, म्हणून मासाही तिथंच. या दिवसांत तुमचा कोल्हा होडी माझ्या पायाशी लावायचा."

"मग मला कसं दिसलं नाही कधी?"

"कसं दिसणार? दर साली या दिवसांत तुम्ही बाळंतीण! पिल्लं कुशीत घेऊन पार आत. तो मासा आणून द्यायचा, तुम्ही खायचात."

नवऱ्याची अर्धीच गोष्ट कोल्हिणीला ठाऊक होती, आणि तेवढ्यावर ती तीन दिवस जिवाचा आटापिटा करत होती! तिला रडू आले आणि स्वतःचे हसूही आले. तिने मुकाट्याने होडी वळवली.

"दोरी दोन हातच सोडा," बगळा कुजबुजला. "आणि वल्हं होडीला आपटू नका. खट्ट झालं की मासा पसार."

ती श्वास रोखून बसली. पाण्यात सावली हलली. दोरीला असा हिसका बसला की होडी कलंडता कलंडता राहिली. कोल्हिणीने दोरी दातांत धरली, पोटावर आडवी झाली आणि ओढत ओढत मासा आत घेतला. चांगला तिच्या शेपटीएवढा! त्यातला निम्मा तिने तिथेच खाल्ला आणि बगळ्यापुढे मुळीच लाजली नाही.

दुपारी तिला पान्हा फुटला. धाकट्याच्या ओठांवर तिने दुधाचे दोन थेंब सोडले. ते चुळबुळले, मग चाचपडत लुचू लागले, आणि बघता बघता असे ओढू लागले की कोल्हीण कळवळली. "अगं बाई, बापासारखंच हावरं गं!" ती म्हणाली आणि त्याला चाटता चाटता पोटभर रडली.

तात्पर्य : गेलेल्या माणसाची रीत प्रेमाने जरूर चालवावी, पण आपल्या डोळ्यांआड ते माणूस काय करत होते, हेही त्याच्या सोबत्यांना विचारून घ्यावे.