पानवळचा बंद ट्रान्झिस्टर

पानवळला तांबडी नदीवर पूल झाला, त्याला वीस वर्षं झाली. तरी सव्वासहाला गावची माणसं पुलाच्या तोंडाशी थांबतात. खाली, जिथून पूर्वी नदी पायी ओलांडत त्या उतारावर, पांढऱ्या केसांची एक बाई बंद ट्रान्झिस्टर घेऊन पाण्यात उभी राहते. ती पाणी किती ते सांगते आणि मगच माणसं पूल चढतात. पाहुणे हसले, की पुलाजवळचा म्हातारा चहावाला त्यांना बसवून घेतो आणि सांगतो.

फार वर्षांपूर्वी एका पुरात उतारावरून तिघं वाहून गेली. तेव्हा गावानं जाखमातेपुढे नारळ ठेवून शपथ घेतली, म्हणे, की रेडिओच्या सोनखिंड केंद्रानं पाणी सांगितल्याशिवाय संध्याकाळी कुणी नदीत पाय घालायचा नाही. केंद्र तेव्हा नवं होतं. शेतीचा सल्ला, जात्यावरच्या ओव्या आणि सव्वासहाला नद्यांची पातळी. केंद्रावरची बाई संथ आवाजात सांगायची, आणि पानवळ उठायचं.

पुढे केंद्रावर नवे साहेब आले. ओव्या गेल्या, फर्माइशी गाणी आली. आणखी एक साहेब आले, शेतीचा सल्ला पहाटेला गेला. पातळी पाच मिनिटांची दोन झाली, दोनाचं अर्धं मिनिट झालं. तरी ती होती, म्हणून गावानं तक्रार केली नाही.

एका पौषात हिरावहिनीला दिवस भरायच्या आधी कळा सुरू झाल्या. दवाखाना पलीकडे. तिची नणंद सुगंधा नुकतीच बी.ए. होऊन आली होती. शहरातल्या शाळेत नोकरी लागल्याचं पत्र ट्रंकेत होतं. बाजल्यावर वहिनीला घालून सगळे उतारावर आले. सव्वासहा वाजले. ट्रान्झिस्टर गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या केरबा आबांच्या मांडीवर. त्यातून गाणं लागलं. त्यामागून दुसरं.

"पातळी राहिली वाटतं," आबा म्हणाले. "येईल."

"आबा, पाणी घोट्याएवढं आहे. समोर दिसतंय."

"दिसतंय गं बाय. पण शपथ डोळ्यांची नाही घेतलेली."

सुगंधा भांडली. चार जणांना हाताला धरून ओढलं. तिनं स्वतः नदी पार करून दाखवली, परत आली. म्हातारे तिच्या ओल्या पायांकडे बघत राहिले. गाण्यामागून गाणं चाललं होतं. केंद्रानं त्या दिवसापासून पातळी बंद केली होती, पण हे गावाला कुणी कळवलं नव्हतं. तास गेला. वहिनीचं कण्हणं बारीक झालं.

तेव्हा सुगंधानं आबांच्या मांडीवरून ट्रान्झिस्टर उचलला आणि ती नदीच्या मध्यावर गेली. बटण फिरवून गाणं बंद केलं, ट्रान्झिस्टर तोंडासमोर धरला आणि केंद्रावरच्या बाईच्या संथ आवाजात म्हणाली, "हे सोनखिंड केंद्र आहे. तांबडी नदी, पानवळ उतार. पाणी घोटाभर."

 मग आबा गुडघ्यावर हात टेकून उठले.

"आता कसं. उचला बाजलं."

वहिनी वाचली. मूल वाचलं नाही. तासभर आधी आला असता तर, एवढंच डॉक्टर म्हणाले.

सुगंधा चिडून दुसऱ्या दिवशी शहराला निघाली. उतारावर आली तर सगळे म्हातारे ओळीनं बसलेले, आणि ट्रान्झिस्टर स्वच्छ पुसून दगडावर ठेवलेला. त्यांच्यात एकाच्या मांडीवर तापानं फणफणलेलं नातवंड होतं. ती बराच वेळ उभी राहिली. मग पिशवी खाली ठेवून पाण्यात उतरली.

ते पत्र ट्रंकेतच राहिलं, असं सांगतात. सोनखिंड केंद्र पुढे तरुणांचं झालं, मग नुसतं राजधानीचं ऐकवू लागलं, मग बंद पडलं. टेकडीवरचा मनोरा भंगारात गेला. पानवळचं केंद्र तेवढं चालू राहिलं.

आजही सव्वासहाला सुगंधाबाई पाण्यात उतरतात. पातळी सांगून झाली, की लगेच बाहेर येत नाहीत. काठाकडे बघत थोडा वेळ थांबतात. काठावरून कुणीतरी एकदा म्हणावं, "बाई, आम्हाला दिसतंय," एवढ्याचीच त्या वाट बघतात, म्हणे. पण माणसं मुकाट्यानं पूल चढू लागतात, आणि बाई ट्रान्झिस्टर पदरानं पुसतात.