सामुद्रधुनीवरची चूल

एका राज्यात राजकन्या हिरण्मयी बारा वर्षांनी परत आली, तेव्हा तिला वाटले होते की शेजारच्या दोन राज्यांच्या युद्धाच्या या दिवसांत आपला पिता सिंहासनावरून गरजत असेल, दोषी कोण ते साऱ्या जगाला सांगत असेल. दूर हिमशिखरावरच्या विद्यापीठात ती हेच शिकली होती: सत्य एक असते, आणि ते मोठ्याने बोलावे. दिसले ते निराळेच. भांडणाऱ्या दोन्ही राज्यांचे वकील एकाच अतिथिशाळेत उतरले होते, आणि महाराज दोघांनाही आंब्याच्या करंड्या पाठवत होते.

"आबासाहेब, हे भित्रेपण नव्हे काय?"

"पोरी, ज्याची चूल परक्याच्या विस्तवावर पेटते, त्याने आवाज बेताने चढवावा."

राज्य अफाट होते, सेना दांडगी होती. पण त्याला शाप होता. तिथे चकमक झाडली तर ठिणगी पडत नसे, लाकडावर लाकूड घासले तर धूरही निघत नसे. सारा अग्नी समुद्रापलीकडच्या ज्वालाद्वीपावरून येई, अग्निरत्नांच्या रूपाने, गलबते भरभरून. वाट एकच, एका अरुंद सामुद्रधुनीतून. तिच्या पूर्वतीरावर राजा अश्मसेन, पश्चिमतीरावर राणी तरंगिणी. दोघांचे युद्ध जुंपले तसा सामुद्रधुनीत भोवरा उठला आणि गलबते पलीकडेच अडकली. राजधानीत लोहारांचे भाते निजले. बाळंतिणींना शेक मिळेना.

"मी जाते," हिरण्मयी म्हणाली. "दोषी कोण ते ठरवते, आणि वाट मोकळी करते."

"मासा आधी धरावा, मग त्याच्याशी वाद घालावा," तिच्या खांद्यावरचा खंड्या पुटपुटला. तो पक्षी बोलका होता, आणि थोडा आगाऊही.

हिरण्मयी होडीने सामुद्रधुनीत पोचली, तेव्हा भोवऱ्याच्या कडेला एक खडक दिसला. खडकावर थंड चुलीपुढे एक जोगीण बसली होती.

"तुझ्या पणज्याच्या दारी मी गोवरी घेऊन विस्तव मागायला गेले होते," जोगीण म्हणाली. "त्याने दार लावले. शाप माझाच आहे. तोडायचा असेल तर तीन कामे कर. अश्मसेनाच्या चुलीतला विस्तव आण. तरंगिणीच्या चुलीतला आण. तिसरे मग सांगेन." तिने गोवऱ्या पुढे केल्या. "रीत ठाऊक आहे ना? विस्तवाला आलेल्याला शत्रूही परत पाठवत नाही. पण मागणाऱ्याने त्या घरात बसू नये. बसला तो त्या घरचा झाला."

अश्मसेनाच्या किल्ल्याला दगडी डोळे होते. ते तिच्याकडे वळून पाहत राहिले.

"बैस," राजा म्हणाला, "आणि म्हण, तरंगिणी चोरटी आहे."

"विस्तवाला आले आहे, महाराज. बसत नाही."

राजा हसला. त्याने स्वतः चिमट्याने निखारा तिच्या गोवरीवर ठेवला.

तरंगिणीचा महाल लाटांचा होता, आणि राणीचे डोळेही भरलेले होते. अश्मसेनाने जाळलेल्या कोळीवाड्यांची कहाणी तिने सांगितली. हिरण्मयीचे काळीज पेटले.

"अन्याय! घोर अन्याय!" असे म्हणत ती राणीशेजारच्या पाटावर बसली. त्याच क्षणी तिच्या हातातला निखारा विझून राख झाला.

"झाले!" खंड्या म्हणाला. "आता राणीच्या घरची झालीस. नवे नाव काय ठेवायचे?"

हिरण्मयी राखेकडे पाहत राहिली. मग उठली.

"राणीसाहेब, तुमचे दुःख खरे आहे. ते मी विसरणार नाही. पण माझ्या राज्यात बाळंतिणी गारठल्या आहेत. मला उभेच राहिले पाहिजे."

राणीने चुलीतला निखारा उकरला. "उभ्याने ऐकलेस, तरी ऐकलेस," असे म्हणून तिने विस्तव दिला.

हिरण्मयी पुन्हा अश्मसेनाच्या दारी गेली.

"बसलीस म्हणे तिकडे?"

"बसले. चुकले. आता उभी आहे. आणि तुम्ही जाळलेल्या कोळीवाड्यांविषयीही उभ्यानेच सांगते. ते पाप आहे, महाराज."

किल्ल्याचे सारे दगडी डोळे मिटले. राजाने मान खाली घातली, आणि निखारा दिला.

ती खडकावर पोचली तेव्हा जोगीणच हातात गोवरी घेऊन पुढे आली. "माझी चूल थंड आहे. विस्तव दे."

"हेच तिसरे काम?"

"हेच."

"एक दे, एक ठेव," खंड्या कुजबुजला. "घरी काय नेशील?"

 हिरण्मयीने दोन्ही निखारे जोगिणीच्या चुलीत ठेवले. निखाऱ्याला निखारा लागला आणि जाळ उठला. भोवरा ताटासारखा सपाट झाला. दूर राजधानीत कोणी तरी चकमक झाडली, आणि ठिणगी पडली. जोगीण हसली, धुरासारखी विरली. मागे उरली ती पेटती चूल.

दुसऱ्या दिवशी सकाळी अग्निरत्नांची गलबते ओळीने निघाली. पहिल्या गलबताचा तांडेल ओरडला, "चला, बाईसाहेब! महाराज आता तुम्हाला मंत्र्याचे आसन देतील!"

हिरण्मयीची नजर पाण्यावर होती. दोन्ही तीरांवरून एकेक होडी येत होती, प्रत्येकीत गोवरी घेतलेली एकेक बाई. युद्धाने त्यांच्याही चुली विझल्या होत्या. एकमेकींना पाहताच दोघींनी वल्ही थांबवली.

"खंड्या, आबासाहेबांना सांग, आता आपल्या घरी आपला अग्नी आहे. त्यांनी आवाज चढवायला हरकत नाही. मी इथेच राहणार, ही चूल राखायला."

"आणि तुझे आसन?"

"ते दुसऱ्या कोणाला द्या. मला दोन पाट पाठवा." तिने होड्यांना हात केला. "या बायांनो! विस्तव मिळेल. पण इथली रीत निराळी आहे. आधी दोघींनी शेजारी शेजारी बसायचे."