चिचुंदर आणि निळे-हिरवे शेवाळ

"रांगेत सगळ्यांत पुढे चालणाऱ्याने कुणाची शेपटी धरायची?" धाकटा चिचुंदर भेटेल त्याला हे विचारत फिरला.

मुलांनो, चिचुंद्रीला डोळ्यांनी कमी दिसते, म्हणून पिल्ले पुढच्याची शेपटी तोंडात धरून रांगेने चालतात. एका तळ्याकाठी अशीच चौघांची रांग राहत असे. पुढे ताई, तिच्यामागे तिचा धाकटा भाऊ, त्याच्यामागे दोन चिमुकली भावंडे. एके दिवशी धामणीने ताईला गिळले आणि धाकटा एकाएकी सगळ्यांत पुढे आला.

उन्हाने ओढा आटला होता. "दादा, घसा सुकला रे!" चिमुकली रडू लागली. धाकट्याने मागचा-पुढचा विचार न करता त्यांना ओढतच तळे गाठले. पाण्यावर निळ्या-हिरव्या शेवाळाची जाड साय धरली होती. तो तोंड घालणार, तोच शेवाळ म्हणाले, "थांब रे पोरा! आम्ही असे दाटलो की पाण्यात विष उतरते."

"तू मला शिकवणार?" धाकटा उसळला. "ना पाय, ना तोंड! मी दिवसभर धावधाव धावतो. माझी ताई गेली, आणि तू इथे खुशाल लोळतेस!"

"मला धावता येत नाही, खरे आहे," शेवाळ म्हणाले. "पण धावताना तू जो प्राणवायू ओढतोस ना, तो पहिल्यांदा हवेत सोडला आमच्या पूर्वजांनी, असेच पाण्यात पडून. तुला श्वास देणाऱ्यांच्या घरात तुला मरू कसे देऊ? आणि तू एकटा नाहीस, बाळा. तुझ्यामागे दोन तोंडे आहेत. जा, ओढ्याची वाळू उकर."

धाकट्याचा राग विरघळला. ताई गेल्यापासून तो पहिल्यांदाच रडला. मग त्याने नखे दुखेपर्यंत वाळू उकरली. खड्ड्यात गार पाणी झिरपले. चिमुकली पोटभर प्याली. उरलेले तो प्याला.

तो तळ्यावर परतला. "तुझे उपकार कसे फेडू?"

"माझे राहू दे. अजून कितीतरी तहानलेले येतील, आणि माझा आवाज लहान आहे."

धाकट्याने काठावरच्या एकेका दगडाला अंग घासले. चिचुंद्रीचा दर्प कुणाला सोसतो? हरणाचे पाडस आले, शिंकले आणि ओढ्यातल्या खड्ड्याकडे वळले. एकच दगड उरला होता. "हा ताईच्या नावाने," असे म्हणत धाकट्याने त्यालाही अंग घासले.

तात्पर्य : ज्याच्या मागे कुणी चालत असते, त्याने राग आवरून लहानाचेही ऐकावे, आणि मिळालेला उपकार पुढच्या तहानलेल्यापर्यंत पोहोचवावा.