कड्यावरचं सिंहासन

भैरवसेन राजाच्या दरबारात एक जीवघेणा रिवाज होता. राजा जिकडे जाईल तिकडे सगळ्यांनी तोंड वळवायचं. ज्याची पाठ राजाला दिसली, त्याचा कडेलोट.

एकदा राजाच्या कानावर आलं, की पृथ्वी म्हणजेच एक प्रचंड लोहचुंबक आहे. झालं! सिंहासनाखाली चुंबकदगड ठोकले गेले आणि सिंहासन कड्याच्या टोकावर आणून ठेवलं.

"पृथ्वी हे अधांतरी तोलून धरेल," राजा म्हणाला. "प्रधानजी, बसा. मग दरीत ढकलू."

म्हातारे प्रधान म्हाळोजी यांनी कड्यावरून डोकावून पाहिलं. खाली, पार खाली, घारी फिरत होत्या. त्यांनी परातभर पाणी मागवलं आणि चुंबकावर घासलेली सुई पानावर ठेवून त्यात सोडली. सुई गर्रकन उत्तरेकडे वळली.

"बघा पृथ्वीची ताकद!" राजा गरजला.

"बघितली, महाराज. पण सुई नुसती वळली, जागची हलली नाही. जी पृथ्वी पाण्यावरच्या सुईला बोटभर सरकवत नाही, ती मला उचलणार?"

"म्हणजे ताकद खोटी?"

"खरी आहे. अगदी आपल्या दराऱ्यासारखी." प्रधानांनी दरबाऱ्यांकडे बोट दाखवलं. "विचारून पाहा, माझ्या जागी कोण बसतो?"

राजाने विचारलं. सगळी तोंडं राजाकडेच वळलेली होती, पण पाऊल एकानेही उचललं नाही.

राजाने वाकून दरीत पाहिलं. मागे सरत तो ओरडला, "ओढा ते सिंहासन मागे!"

कुणीच हललं नाही. सिंहासनाकडे जायचं, तर राजाकडे पाठ करावी लागली असती.

शेवटी ते राजानेच ओढलं.