पाहुण्याने उच्चारलेला शब्द

एका बंदरात भोगसेन नावाचा राजा राज्य करायचा. जसं नाव तशी स्वारी! हत्तीच्या पायात चांदीचे तोडे, पोपटाला सोन्याचा पिंजरा, आणि पंगतीत निम्मं अन्न पानात टाकूनच उठायची रीत.

एकदा चीनच्या बादशहाचा वकील आला. मेजवानीचा तो डामडौल पाहून तो आपल्या कारकुनाच्या कानात पुटपुटला, "शेची!"

झालं! दरबारी मंडळींनी तेवढंच ऐकलं. "शची! म्हणजे इंद्राची राणी! महाराज, पाहुण्यांनी आपल्या दरबाराला इंद्रसभा म्हटलं!"

राजा खूश झाला. "हा शब्द चिनी अक्षरांत बंदराच्या वेशीवर कोरा," सोन्याचं कडं कबूल करत त्याने दुभाषी लखमोजीला फर्मावलं.

लखमोजीला तो शब्द ठाऊक नव्हता. त्याचं चिनी बाजारातलं, आणि हा शब्द पोथीतला. पण अंदाजाने ठोकून देणारा तो नव्हे. तो सरळ कारकुनाकडे गेला आणि विद्यार्थ्यासारखा समोर मांडी घालून बसला. कारकुनाने शब्द लिहून दाखवला. पहिल्या अक्षराच्या डोक्यावरच 'मोठं' हे अक्षर चढून बसलेलं. अर्थ ऐकून लखमोजी गारच पडला.

त्याने तो दिवाणांना सांगितला, तेव्हा ते म्हणाले, "अरे, गप्प राहा. सोन्याचं कडं मिळतंय, ते घे. कशाला पोटावर पाय आणून घेतोस?"

लखमोजी दरबारात उभा राहिला. "महाराज, हा शब्द इंद्राणीचा नाही, उधळपट्टीचा आहे. वेशीवर कोरला, तर येणारं प्रत्येक चिनी जहाज आपल्याला हसत आत शिरेल."

राजाचा चेहरा लाल झाला.

"तुला हा शब्द आधी येत नव्हता?"

"नाही, महाराज. आजच शिकलो."

राजाने आसनावरून उतरून लखमोजीच्या पाठीवर थाप मारली. "शाबास रे पठ्ठ्या! विचारायला लाजला नाहीस, सांगायला भ्याला नाहीस. आता मलाही शिकव."

शब्द कोरला गेला. पण वेशीवर नाही, राजाच्या जेवणाच्या पाटासमोरच्या भिंतीवर. राजा रोज आधी तो वाचायचा, आणि मगच वाढायला सांगायचा.

तात्पर्य: न कळलेला शब्द शिकून घ्यावा आणि कळलेला अर्थ कडू असला तरी खराच सांगावा, तो ऐकून सुधारणाऱ्याचा मान कमी होत नाही, वाढतो.