बुडालेल्या गलबताच्या फळ्या

फार फार पूर्वी, किनाऱ्यावर दीपगृहं नव्हती आणि गलबतं ताऱ्यांच्या भरवशावर चालत, तेव्हाची ही गोष्ट. एका खाडीच्या मुखाशी गोमाजी तांडेल आणि त्याचा धाकटा भाऊ पोशा राहत असत.

दोघांनी नवं गलबत बांधायला घेतलं. सांगाडा उभा राहिला, बाजू झाल्या. ज्यांच्यावर खलाशी उभे राहतात त्या वरच्या फळ्या तेवढ्या उरल्या. त्यासाठी रानातून सागवान आणायचं, मग ते वाळायची वाट बघायची. गोमाजीला तेवढा धीर नव्हता.

एका सकाळी समुद्रानं कुठल्याशा परक्या गलबताच्या फळ्या वाळूवर आणून टाकल्या. काळ्याभोर, गुळगुळीत, तयार फळ्या. माणूस मात्र एकही आला नाही.

पोशा म्हणाला, "दादा, एखादी चिरून बघू या. ते गलबत कशानं बुडालं, कोण जाणे!"

"चिरली की वाया गेली. लाकूड चांगलं दिसतंय की!" गोमाजी म्हणाला, आणि त्यानं त्या फळ्या ठोकून घेतल्या.

मग विचित्रच घडू लागलं. गलबत अजून कोरड्या वाळूवर उभं होतं. भर दुपारी, रणरणत्या उन्हात, फळ्यांवर ओली पावलं उमटली. काठापासून निघून ती डोलकाठीजवळच्या एका फळीपाशी जात आणि तिथंच थांबत. परत फिरलेलं पाऊल एकही नसे.

पुसली, तरी पुन्हा उमटली. रोज थोडी जास्तच. शेवटी तर ती त्या फळीभोवती कोंडाळं करून उभी राहिली, सगळ्यांची बोटं फळीकडे.

"दादा, ते काहीतरी दाखवतायत," पोशा कुजबुजला.

गोमाजीच्या अंगावर सर्रकन काटा आला. "तिकडं बघूच नकोस!" म्हणत त्यानं त्या फळीवर चटई अंथरली, दर्यात नारळ सोडला आणि गलबत पाण्यात लोटलं.

भर समुद्रात वारा फिरला. शीड उतरवायला पोशा डोलकाठीकडे धावला आणि चटईवर उभा राहिला. लाकूड मोडल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. फळी नुसती भुसभुशीत होऊन खाली गेली. पोशा गलबताच्या तळाशी तोलासाठी भरलेल्या दगडांवर आपटला, आणि वरून लाट आत शिरली.

खलाशांनी भोकात शीड कोंबून गलबत कसंबसं किनाऱ्याला आणलं. पोशाला त्यांनी उचलून उतरवलं. तो पुन्हा उठला नाही.

गोमाजीनं कुऱ्हाड घेऊन एकेक फळी फोडली. वर बोटभर लाकूड, आत सगळा भुसा. तो भुसा मुठीत धरून तो वाळूवर बसला.

"ते बुडालेले खलाशी आपलं काही मागायला आले नव्हते रे पोशा," तो म्हणाला, "सावध करायला आले होते."

म्हणून मुलांनो आणि मोठ्यांनो, भीती वाटली की डोळे झाकू नयेत. ती काय दाखवते आहे, ते आधी पाहावं.