मुक्या वळणावरची घंटी

बसा, बसा. ती हेल्मेटं तिथं बाकावर ठेवा आणि चहा घ्या. उद्या दसरा, उद्या तुम्ही आमच्याबरोबर घाट चढणार. मग ही गोष्ट आज ऐकूनच जायचं, नाहीतर उद्या खिंडीत उभं राहून मलाच विचाराल, "काका, सगळे आले की, आता कशाला थांबायचं?" दरवर्षी कुणीतरी विचारतंच.

फार वर्षांपूर्वी, या तांबखडीच्या घाटात अजून डांबर पडलं नव्हतं तेव्हा, गावात दस्तगीर मिस्त्री म्हणून एक माणूस होता. सगळं गाव त्याला मामा म्हणायचं. सायकली दुरुस्त करायचा. म्हणजे काय साधा दुरुस्त करायचा? ट्यूब पंक्चर झाली की लोक ती पाण्यात बुडवून बुडबुडे बघतात. मामा नुसती कानाला लावायचा आणि बोट ठेवायचा, इथं. दोन गल्ल्या पलीकडून सायकल येत असली तर दुकानातून ओरडायचा, "आरं, मागच्या चाकाची तार सैल झालीय, आन हिकडं!" असं म्हणतात की गावातली प्रत्येक घंटी त्याला आवाजावरून ओळखू यायची, जशी आपल्याला घरातली माणसं खोकण्यावरून ओळखू येतात.

त्याची स्वतःची घंटी वेगळी होती. कासाराकडून पितळेची वाटी घडवून घेऊन त्यानंच बनवलेली. आपली घंटी ट्रिंग करते, ती ठण्ण करायची.

तर त्या काळात गावात सायकल मंडळ निघालं. अकरा तरणी माणसं. दर रविवारी पहाटे उठून घाट चढायचा आणि परत यायचं. कशाला? कशाला नाही, हौस! म्हातारी माणसं म्हणायची, "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी." पण मंडळाला त्याचं काही नव्हतं. पुढं त्यात शाळेच्या मास्तरीणबाई आल्या. द्वारकाबाई भोसेकर. तिशी उलटल्यावर सायकल शिकल्या. नऊवारीतच चालवायच्या, आणि पडल्या तर स्वतःच हसायच्या. फक्त हळू चालवायच्या. सगळ्यांत शेवटी त्याच.

त्यांच्या मागं मामा. तो कायम सगळ्यांच्या मागं, कॅरिअरला पंप बांधून. कुणी विचारलं तर म्हणायचा, "पुढं जायला पाय लागत्यात. मागं ऱ्हायला काळीज लागतं."

आता घाट तुम्ही उद्या बघालच. अकरा वळणं, आणि वर खिंडीत शिवेचा धोंडा. त्यातलं नववं वळण ते मुकं वळण. तिथं आवाज चालत नाही. बोलाल तर बोलणं तोंडातच राहतं, घंटी दाबाल तर बोटाला कळते, कानाला नाही. का, ते कुणाला ठाऊक नाही. मोठ्या शहरातला एक मास्तर यंत्र घेऊन आला होता, तोही डोकं खाजवत गेला. गुराखी तिथं जनावरांना हाक मारत नाहीत, मुकाट्यानं हाकून नेतात.

मंडळाचा नेम असा, की दसऱ्याला सीमोल्लंघन सायकलीवरून करायचं. सकाळी घाट चढून शीव ओलांडायची, वरच्या आपट्याची पानं घ्यायची आणि मग सगळ्यांनी एकदम खाली सुटायचं. जो पहिला जाखाईच्या देवळात पोचून देवीपुढं सोनं ठेवेल, त्याला गावाचा फेटा. पण शेवटचा माणूस वर पोचेपर्यंत कुणी हलायचं नाही, कारण चढायचा आणि उतरायचा रस्ता एकच, आणि एकावेळी जेमतेम एक बैलगाडी जाईल इतकाच. शेवटच्यानं दहाव्या वळणावर येऊन दोनदा घंटी मारायची. ती ऐकली की वरच्यांनी सायकलीवर बसून तयार व्हायचं, शेवटच्याला खिंडीत येऊ द्यायचं, आणि मग सुटायचं.

त्या साली सुटायची घाई झालेला एक जण होता. रावजी खराडे. तीन वर्षं लागोपाठ फेटा त्याचा, चौथाही त्यालाच पाहिजे होता. आणि त्या दिवशी चढतानाच त्याच्या मागच्या चाकातली हवा हळूहळू जायला लागली. खिंडीच्या जवळ गेला आणि तिथूनच ओरडला, "मामा, पंप आणा! लौकर!"

मामा तेव्हा आठव्या वळणाखाली, बाईंच्या मागं. बाई म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढं, मामा. मी येते सावकाश."

मामाचा पाय निघेना. एक तर धुकं उतरायला लागलं होतं. दुसरं म्हणजे आदल्या दिवशी खंडेनवमी झालेली. खंडेनवमीला आपण सायकली धुतो, पुजतो, झेंडूच्या माळा घालतो. बाईंनी पूजा अशी मनापासून केली होती की घंटीत ओलं हळदकुंकू गेलं, ते वाळून घट्ट झालं, आणि घंटी मुकी झाली. हे फक्त मामाला माहीत होतं. "वर गेल्यावर खोलून देतो," असं त्यानं सकाळीच सांगितलेलं. पण रावजी वरून हाका मारतच होता. शेवटी मामा गेला. असं म्हणतात की शेवटची जागा त्यानं जन्मात पहिल्यांदाच सोडली, ती रावजीच्या हवेसाठी.

मामानं हवा भरली. म्हणाला, "ट्यूब गळतीय, रावजी. थांब, खोलून ठिगळ लावतो." रावजीला कुठला धीर! हवा पुन्हा जायच्या आत त्याला सुटायचं होतं. धुकं तर असं झालं की आपला हात आपल्याला दिसेना. "बाई कुठवर आल्या बघून येतो," म्हणून तो सायकल घेऊन खाली गेला, वीसेक पावलं. आणि धुक्यात उभं राहून त्यानं स्वतःचीच घंटी दोनदा मारली.

ट्रिंग, ट्रिंग.

मग वर येऊन म्हणाला, "आल्या बाई. माझ्या मागंच हायत. चला!"

सगळे एकदम सुटले. थंडीत उभं राहून पोरं कंटाळलेली, कुणी मागं वळून बघितलं नाही. मामा मात्र जागच्या जागी थिजला. "आरं थांबा!" तो ओरडला. "बाईंची घंटी आज वाजणारच न्हाई! ही घंटी दुसऱ्याची हाय!" कुणाची ते त्याच्या कानानं ओळखलंच असणार, पण नाव त्यानं घेतलं नाही.

पण अकरा सायकली उतारावर सुटल्यावर ऐकतंय कोण? आणि खाली, नवव्या वळणावर, धुक्यात, बाई सायकल ढकलत वर येत होत्या. डोंगराच्या अंगाला पावसानं चर पाडला होता म्हणून दरीच्या कडेनं. अकरा सायकली त्यांच्यावर जाणार होत्या. ना त्यांना घंटी ऐकू येणार, ना यांना हाक.

खिंडीतून मुक्या वळणावर एक पाऊलवाट उतरते. उद्या दाखवीन. शेळीसुद्धा तिथं दोनदा विचार करते. पन्नाशीचा माणूस जड सायकल घेऊन त्या वाटेनं उतरला. कुणी म्हणतात धावत उतरला, कुणी म्हणतात सायकलीवर बसून उतरला, आणि आमची एक आजी तर शपथ घेऊन सांगायची की चाकं जमिनीला लागतच नव्हती. कसाही उतरला असेल, पोरांच्या आधी पोचला एवढं खरं.

बाईंनी पुढं सांगितलं ते असं. धुक्यातून एकदम मामा समोर आले. तोंड हलत होतं, आवाज येत नव्हता. अगदी कानाशी तोंड आणलं तेव्हा ऐकू आलं, "बाई, डोंगराकडं व्हा! तुमच्या नावची घंटी दुसऱ्याच कुणी वाजवली!" आणि दंड धरून त्यांनी बाईंना सायकलीसकट चरात भिरकावलं. त्या झटक्यात ते स्वतः कडेला गेले. कड पावसानं पोखरलेली. एका हातात सायकल होती, तिच्यासकट मामा खाली गेले. दगड सुटला त्याचाही आवाज झाला नाही.

सायकली आल्या त्या त्याच्यानंतर. हे नीट लक्षात ठेवा, त्याच्यानंतर. बाई चरात पडलेल्या, आणि समोरून एकेक सावली सर्रकन जात होती. अकरा मोजल्या त्यांनी.

रावजी सगळ्यांच्या पुढं होता. देवळात पोचला, देवीपुढं सोनं ठेवलं. पाटलांनी त्याच्या डोक्याला फेटा बांधायला घेतला, हलगी वाजायला लागली. पोरं घाम पुसत एकमेकांत बोलत होती, "मामानं आज वाचवलं राव! मुक्या वळणावर दरीच्या अंगाला उभा राहून घंटी वाजवत होता. ठण्ण, ठण्ण! नाहीतर त्या धुक्यात कड कुठं आणि रस्ता कुठं!" अकराच्या अकरा जणांनी ऐकली होती. मुक्या वळणावर, जिथं कसलीच घंटी वाजत नाही, तिथं. ती दरीच्या अंगाला वाजली म्हणून सगळ्यांनी दरी टाळली, म्हणून अकरा जण जिवंत घरी आले.

तेवढ्यात बाई देवळात आल्या. चालत, सायकल नाही, एका पायात चप्पल, अंगभर चिखल. हलगी थांबली. बाईंनी झालं ते सांगितलं, आणि पोरांची तोंडं पांढरी पडली. कारण तुम्ही आता मनात केला असेल तोच हिशेब त्यांनीही केला. मामा आधी गेला. सायकली नंतर गेल्या. मग घंटी वाजवली कुणी?

बाईंचा प्रश्न मात्र दुसरा होता. त्या म्हणाल्या, "मामा म्हणाले, माझ्या नावची घंटी दुसऱ्याच कुणी वाजवली. कुणी वाजवली?"

रावजीनं डोक्याचा फेटा काढला आणि म्हणाला, "मी."

तीन दिवस दरी शोधली. दोर बांधून सगळ्यांत खाली रावजीच उतरला. कारवीच्या जाळीत सायकल सापडली. मामा सापडला नाही. आणि सायकलीच्या दांडीवर घंटी नव्हती. स्क्रू जागच्या जागी घट्ट, घंटी तेवढी नाही.

पुढच्या दसऱ्याला मंडळ जाईल की नाही असं झालं होतं. बाई म्हणाल्या, "मी एकटी का होईना, जाणार." मग सगळे गेले. रावजी सगळ्यांत शेवटी, पंप बांधून. तो वर आला, त्यानं दोनदा घंटी मारली, आणि सगळे उभे राहिले. तेवढ्यात खालून, नवव्या वळणाकडून, आणखी एक आली. ठण्ण. बाई मटकन खाली बसल्या आणि लहान पोरासारख्या रडल्या.

तेव्हापासून ती येतेच. उद्या तुम्हीही ऐकाल. मात्र एका साली आली नाही. आमची माणसं मोजली, सगळी होती. तास गेला. पाहुणे कुरकुरायला लागले. शेवटी दोघं खाली बघायला गेले, तर सहाव्या वळणाखाली एक परका माणूस सायकलीसकट पडलेला, पाय मोडलेला. आमचा कुणी नव्हता, आमच्या मागून आपला आपण घाट चढत होता. त्याला उचलून वर आणला आणि सावलीत टेकवला, तशी खालून ठण्ण झाली. हे मी स्वतः ऐकलंय, म्हणतात-बिणतात नाही.

आता राहिला रावजी. गावात गोष्ट सांगताना त्याचं नाव घेत नाहीत, "एक जण" म्हणतात. मी घेतो. ते माझे आजोबा. त्यांनी चौतीस दसरे शेवटची जागा सोडली नाही. दरवर्षी मुक्या वळणावर थांबायचे, आपली घंटी दोनदा दाबायचे आणि कान देऊन उभे राहायचे. मामाची घंटी खिंडीतल्या सगळ्यांना ऐकू यायची, पण आजोबांना कधीही नाही. सगळ्यांचे चेहरे बघून त्यांना कळायचं की आली. घरी येऊन आजीला एवढंच म्हणायचे, "माझ्याशी न्हाई बोलला." आजी त्या दिवशी त्यांना जेवायचा आग्रह करायची नाही.

त्यांच्या शेवटच्या दसऱ्याला मी खिंडीत उभा होतो. ते सत्तरीला आलेले, सायकल ढकलतच येत होते. धुकं होतं. आणि मुक्या वळणावरून आम्हा सगळ्यांना दोन घंट्या ऐकू आल्या. आधी ट्रिंग. मागून लगेच ठण्ण. त्या वळणावर ट्रिंग त्याआधी कुणी ऐकली नव्हती आणि नंतरही नाही. आजोबा वर आले तेव्हा त्यांचे डोळे वाहत होते आणि तोंडभर हसू होतं. माझा खांदा धरून म्हणाले, "बोलला रं. हवा भर म्हणाला, मागचं चाक बसलंय." वाकून बघितलं तर खरंच हवा कमी होती.

तर उद्याचं नीट ऐका. माळा घाला, पण घंटीला फूल नाही, कुंकू नाही. वर सगळे पोचले की घंटीवरचं बोट काढायचं आणि गप्प उभं राहायचं. खालची घंटी आल्याशिवाय कुणी पेडलला पाय लावायचा नाही, मग दुपार का होईना. उतरताना मुक्या वळणावर सायकल हातात धरून चालायचं, डोंगराच्या अंगानं. दरीची कड मामाची. आपट्याचं पहिलं पान देवीला नाही, तिथं कडेला ठेवायचं, जाखाईची त्याला ना नाही. आणि म्हणायचं, "मामा, सोनं घ्या." आवाज येणार नाही, तरी म्हणायचं.

आणि हो, खाली पहिलं कोण पोचतंय त्याच्या नादाला लागू नका. आमच्या गावात फेटा आता सगळ्यांत शेवटी येणाऱ्याला बांधतात. माझ्या डोक्याला बारा वेळा बांधलाय.